चंचल काय सांगेल

कोर्टाचा कागद मोनालीच्या हातात पडला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ती खिडकीपाशी बसून पर्च्या फाडायची. नाव, वय, गाव, झालं, पुढचा. कोर्टाचा माणूस बिचारा पेशंटांच्या रांगेतच उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं, नाव काय. तो म्हणाला, "नाव तुमचंच हाय ताई. इथं सही करा."

कागद हिंदीत होता. महाराष्ट्राच्या सरहद्दीपलीकडच्या पांढुर्ण्यात घरी मराठी बोलायचं आणि सरकारी कागद हिंदीत वाचायचा, यात कोणाला काही नवल वाटत नाही. मोनालीनं सगळा वाचला आणि तिला सगळा समजला, हीच तर पंचाईत. तिच्या नवऱ्यानं, रोशननं, अर्ज केला होता. आई दिवसभर कामावर असते, पोरीकडे पाहायला कोणी नाही, सबब सहा वर्षांची मुलगी चंचल हिचा ताबा बापाकडे द्यावा. पुढच्या महिन्याच्या चार तारखेला पेशी, म्हणजे सुनावणी.

त्या दिवशी तिनं दोन पर्च्यांवर वय लिहिलंच नाही आणि एका म्हाताऱ्याच्या पर्चीवर चंचलचं नाव लिहून ठेवलं.

रोशन सौंसरचा. पिकअप गाडी चालवतो, संत्र्याच्या दिवसांत माल घेऊन आठ-आठ दिवस बाहेर. घरी आला की बाटली. मोनालीवर त्यानं तीनदा हात उचलला, तिसऱ्यांदा तिच्या उजव्या कानाचा पडदा फाटला. तेव्हा ती चंचलला काखोटीला मारून पांढुर्ण्याला बाबांच्या घरी आली, त्याला आता दीड वर्ष झालं. एवढं ऐकून तुम्ही रोशनला राक्षस ठरवून मोकळे व्हाल, पण थांबा जरा. पोरीला त्यानं कधी बोटसुद्धा लावलं नाही. पोरगी म्हणजे त्याचा जीव की प्राण. महिन्यातून एकदा तो शाळेच्या फाटकाशी यायचा, चंचलला गाडीत पुढं बसवायचा आणि मोहगावपर्यंत फिरवून आणायचा. आणि चंचल त्या दिवसाची वाट पाहायची. हे मोनालीला पक्कं ठाऊक होतं, आणि तिची खरी भीती इथंच होती.

वकील शोधायला निघाले तिचे बाबा. मनोहरराव नगरपालिकेच्या नळ खात्यातून रिटायर झालेले, गावात ओळखी मायंदाळ. विहारात विचारलं, पानठेल्यावर विचारलं, जुन्या साहेबांना विचारलं. ज्याला विचारावं त्याच्याजवळ एक वकील तयार. पहिल्या वकिलानं फीचा जो आकडा सांगितला तो ऐकून मनोहररावांनी पाणीही न पिता चपला घातल्या. दुसरा स्वस्त होता, पण त्यानं पहिल्याच बैठकीत सांगितलं की पोरीच्या बापाशी जमवून घ्या, कशाला कोर्टात जाता. अरे, जमलं असतं तर ती तुझ्या दारात आली असती का? तिसरा भेटलाच नाही. इकडे बातमी आली की रोशननं सौंसरचे श्रीधर वकील धरले. केस पांढरे, आवाज दणदणीत, नाव मोठं. मोनालीचं जेवण सुटलं.

शेवटी दवाखान्यातली नर्स अमिता म्हणाली की बाईमाणसाला कोर्टाकडून फुकट वकील मिळतो, अर्ज तेवढा करायचा. मनोहररावांनी ते ऐकून तोंड वाकडं केलं. "फुकटचा वकील म्हणजे आपल्या खात्याचा नळ," ते म्हणाले. "आला तं आला." पण दुसरा रस्ताही नव्हता. अर्ज केला आणि मिळाल्या गायत्री वकील. वय असेल बत्तीस, अंगापेक्षा मोठा काळा कोट, स्कूटीच्या डिक्कीत फायली. कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखाली त्यांचं टेबल. मोनालीला बघूनच वाटलं, श्रीधर वकिलांपुढं ही काय टिकणार.

बाई मात्र कामाच्या होत्या. त्यांनी तासभर प्रश्न विचारले. पोरगी कोणत्या शाळेत, कोण सोडतं, कोण आणतं, कानाच्या औषधाचे कागद आहेत का. सगळं स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. उठताना दोन गोष्टी सांगितल्या. एक, माझ्यापासून काही लपवायचं नाही. दुसरी, जजसाहेब पोरीला आपल्या खोलीत एकटीला बोलावून तिच्याशी बोलतात, तेव्हा घाबरायचं नाही.

दुसऱ्या गोष्टीतला एकच शब्द मोनालीनं ऐकला. एकटीला! चंचल आत जाणार, साहेब विचारणार की बेटा कोणाजवळ राहायचं, आणि चंचल म्हणणार, पप्पा. संपलंच. तिनं गायत्रीबाईंना यातलं अक्षरही सांगितलं नाही. मान हलवली आणि घरी आली.

मग चार तारखेची पेशी झाली. झाली म्हणजे काय, नाव पुकारलं, दोघांचे वकील उभे राहिले, पुढची तारीख मिळाली, पाच मिनिटांचं काम. मोनाली बाबांसोबत बाहेर आली आणि फाटकाजवळच्या टपरीकडे तिचं लक्ष गेलं. तिथं गायत्री वकील आणि श्रीधर वकील एका बाकावर बसले होते. श्रीधर वकिलांनी आपल्या कपातला अर्धा चहा गायत्रीबाईंच्या कपात ओतला आणि काहीतरी बोलले. गायत्रीबाई अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. आणि चार हातांवर रोशन उभा, मोबाइल पाहत.

झालं! मनोहररावांनी तिच्याकडे पाहिलं, तिनं मनोहररावांकडे. दोघांच्या मनात एकच, बाई विकली गेली. फुकटचा वकील, त्याला आपल्याकडून काय मिळतं, मग तो दुसरीकडूनच घेणार. आता कोर्टात ज्याचा जन्म गेला त्याला विचाराल तर तो या गोष्टीवर पोट धरून हसेल. पण ज्या बाईची पोर जाणार आहे तिला हसू कुठून येणार? सगळे तिकडे मिळाले, असं तिला वाटलं. रोशन, त्याचा वकील, आपला वकील, आणि कोण जाणे, जजसाहेबही.

पांढुर्ण्याच्या माणसाला एक खोड आहे. महाराष्ट्राची सरहद्द इतकी जवळ, की काही अडलं की तो तिकडे पाहतो. पेट्रोल तिकडे काय भाव, कापूस तिकडे काय भाव, पोरीला स्थळ तिकडचं पाहावं की इकडचं. आणि एक समजूत तर इतकी पक्की की बोलायची सोय नाही: इकडचा कागद तिकडे चालत नाही. अहो, नसेल चालत इकडचं रेशनकार्ड. कोर्टाचा हुकूम काय नाक्यावर थांबून रस्ता विचारतो? पण भ्यालेल्या माणसाला कोण समजावणार, आणि समजावणारे मनोहरराव स्वतःच भ्यालेले. मोनालीची मोठी बहीण सुमन तिकडे, सरहद्दीपार वरूडला दिलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी चंचलचे चार कपडे पिशवीत भरले आणि मोनालीनं तिला वरूडच्या बसमध्ये बसवून नेलं. शाळेला कळवलं नाही. गायत्रीबाईंना तर नाहीच नाही.

सुमनला तिनं सांगितलं की रोशन पोरीला उचलून नेईल म्हणून आणली. ते अर्धंच खरं होतं. पोरगी इकडे नसली तर साहेब विचारणार कोणाला, हे उरलेलं अर्धं. ते तिनं पोटातच ठेवलं.

पुढची पेशी वीस तारखेला. गायत्रीबाईंनी उभं राहून कानाचे कागद दिले, रोशन किती दिवस बाहेर असतो ते सांगितलं, आणि मग म्हणाल्या की मुलगी आईजवळ नीट राहते, रोज शाळेत जाते. मोनाली मागच्या बाकावर होती. तिला वाटलं उठावं आणि बाईंचा कोट ओढावा. ती बसूनच राहिली.

श्रीधर वकिलांनी घाई केली नाही. सावकाश चष्मा घातला, एक कागद काढून साहेबांपुढं ठेवला. शाळेचा हजेरीचा उतारा होता. रोशन नेहमीसारखा भेटायला फाटकाशी गेला होता, पोर सापडली नाही, आणि तिथून त्याला पत्ता लागला. चंचल पाच तारखेपासून शाळेत आलेलीच नाही. साहेबांनी कागद वाचला, चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "बच्ची कहाँ है?"

गायत्रीबाई वळल्या. त्यांचा चेहरा मोनाली जन्मभर विसरणार नाही. रागाचा नव्हता, पायरी चुकलेल्या माणसाचा होता. मोनालीच्या तोंडातून कसंबसं निघालं, "वरूडले. बहिणीकडे." रोशन उभा राहून काही बोलायला लागला, त्याला शिपायानं खाली बसवलं. साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. कोर्टात प्रकरण चालू असताना न विचारता मुलीला दुसऱ्या राज्यात पाठवलं, याचा अर्थ काय समजायचा, असं त्यांनी विचारलं. मोनालीला वाटलं, आता म्हणतील पोर बापाला द्या, आत्ताच, इथंच.

गायत्रीबाईंना एक सोपा रस्ता होता. माझ्या पक्षकारानं मला अंधारात ठेवलं, एवढं म्हणायचं आणि हात झटकायचे. कोणी त्यांना दोष दिला नसता. पण त्या म्हणाल्या की आपण पक्षकाराला नीट समजावलं नाही, चूक आपली आहे, एक दिवस द्यावा, उद्या अकरा वाजता मुलगी इथं हजर असेल आणि जबाबदारी आपली. साहेबांनी श्रीधर वकिलांकडे पाहिलं. श्रीधर वकिलांनी हातातली फाइल मिटली आणि म्हणाले, हरकत नाही. रोशन तोंड उघडून आपल्याच वकिलाकडे पाहत राहिला.

बाहेर आल्यावर गायत्रीबाईंनी तिला लिंबाखाली नेलं. मोनालीला वाटलं आता दोन थोबाडीत बसणार. बाई ओरडल्या नाहीत, नुसतं विचारलं की असं काहून केलं. मोनालीनं खाली मान घालून टपरीवरच्या चहाचं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "आठ वर्षं झाले मले या कोर्टात. रोज त्यांच्या संग चहा पिऊन राहिली. आत उभे राहिलो का भांडतो, बाहेर आलो का चहा पितो. आज ते हरकत घेऊ शकत होते. पोलिस वरूडले गेले असते, अन् पोरगी पोलिसांच्या गाडीत आली असती. काहून नाही घेतली असन त्यांनी?"

मोनालीला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी विचारलं, अजून काय लपवलं, आत्ताच सांग. आणि मग ते उरलेलं अर्धं बाहेर आलं.

"चंचल पप्पा म्हणन, मॅडम. साहेबांनी इचारलं तं ते पप्पाच म्हणन."

बाईंनी समजूत घातली नाही. साहेब पोरीचं म्हणणं ऐकतात, बाकीचंही पाहतात, शाळा पाहतात, घर पाहतात, बाप किती दिवस घरी असतो ते पाहतात, असं सांगितलं. पोरीच्या म्हणण्याला वजन असतं, हेही सांगितलं. मग बजावलं, तिला काही शिकवायचं नाही. मोनालीनं विचारलं, पोर आपल्याजवळ राहील ना? गायत्रीबाईंनी कोटाची बाही सारखी केली आणि म्हणाल्या की खात्री मी देत नाही. फी घेणारा वकीलसुद्धा देत नाही, आणि देत असेल तर त्याच्याजवळ जाऊ नको.

दुपारच्या बसनं मोनाली वरूडला पोचली. चंचल अंगणात सुमनच्या पोरांबरोबर खेळत होती, आईला पाहून धावत आली. सुमननं पाण्याचा गिलास हातात दिला आणि मोठ्या फुशारकीनं सांगितलं की काळजीच करू नको, पोरीकडून मी सगळं घोटून घेतलं. मग चंचलला हाक मारली. चंचल समोर येऊन उभी राहिली. पंधरा ऑगस्टला भाषण म्हणतात तसे दोन्ही हात अंगाला चिकटवून, साहेबांना समजावं म्हणून हिंदीत, एका दमात म्हणाली, "पापा शराब पीते हैं. पापा मुझे मारते हैं. मुझे पापा से डर लगता है. मुझे मम्मी के पास रहना है."

खोटं कशाला बोला, मोनालीला आधी बरंच वाटलं. चार वाक्यं आणि पोर आपली. रोशननं आपल्याला मारलं ते काय खोटं होतं? फुटलेला कान काय खोटा होता? मग पोरीनं एक वाक्य इकडचं तिकडे केलं तर बिघडलं कुठं? बाई म्हणतात शिकवू नको, पण पोर बाईंची थोडीच जाणार आहे! ती सुमनला काही बोलली नाही. चंचलची वेणी घातली, पिशवी भरली आणि साडेचारच्या बसमध्ये बसली.

बसमध्ये चंचल खिडकीशी बसली. बाहेर संत्र्याचे बगिचे मागं जात होते, पण तिचं लक्ष नव्हतं. तिचे ओठ हलत होते. मोनालीनं पाहिलं, पोर तीच चार वाक्यं मनातल्या मनात म्हणत होती. दोनदा म्हणून झाल्यावर तिनं आईकडे पाहिलं.

"मम्मी, मी असं म्हटलं तं पप्पाले पोलिस नेईन काय?"

मोनाली म्हणाली, झोप थोडी. चंचल झोपली नाही.

सकाळी साडेदहालाच तिघं कोर्टात पोचली, मोनाली, चंचल आणि मनोहरराव. गायत्रीबाई साहेबांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात आधीच उभ्या होत्या. त्यांनी मोनालीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. अकराला पाच मिनिटं असताना रोशन आला. धुतलेला पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. पोरीला पाहून त्याचा चेहरा फुलला आणि त्यानं हात पुढं केला. चंचल उठली आणि आईच्या मागं जाऊन लपली.

रोशनचा हात तसाच राहिला. त्याला वाटलं असेल की आपली पोर आपल्याला भ्याली. पण मोनालीच्या कमरेला पोरीचं तोंड चिकटलं होतं, आणि ते काय होतं ते तिला अंगावर कळत होतं. पोर बापाला भ्याली नव्हती. थोड्या वेळानं आत जाऊन बापाबद्दल जे बोलायचं होतं त्यापायी तिला त्याच्या डोळ्यांत पाहवत नव्हतं. सहा वर्षांची पोर, आणि तिला लाज वाटत होती. ती लाज मोनालीनं आणि सुमननं मिळून तिच्या अंगात घातली होती.

मोनाली खाली बसली. तिनं चंचलला पुढं ओढलं आणि दोन्ही खांद्यांना धरलं. उठून पोरीला घेऊन पळत सुटावं, बसस्टँडवर जी बस लागली असेल तिच्यात चढावं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"चंचल, मावशीनं शिकवलं ते नाही म्हणायचं."

"मंग काय म्हणू?"

"साहेब जे इचारन त्याचं खरं खरं सांगजो."

चंचलनं आधी आईकडे पाहिलं, मग तिकडे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बापाकडे. मग ती आईच्या कानाशी आली. मोनालीचा तो कान उजवा होता, फुटलेला. तिला ऐकू आलं नाही. तिनं मान फिरवून दुसरा कान पुढं केला आणि म्हणाली, पुन्हा सांग.

"पप्पाकडे जायचं हाय, असं म्हणू?"

जी गोष्ट ऐकावी लागू नये म्हणून पोर सरहद्दीपार नेऊन ठेवली, ती आता तिलाच विचारली जात होती. नाही म्हणायला अर्धा क्षण पुरला असता. व्हरांड्यात माणसं येत-जात होती, गायत्रीबाई दुसरीकडे पाहत होत्या, आणि मदतीला कोणीच नव्हतं.

"तुले वाटते तं म्हण," ती म्हणाली.

"तू रागावशीन?"

"नाही."

"रडशीन?"

"रडीन थोडीशी," मोनाली म्हणाली. "तरी सांगजो."

शिपायानं पुकारा केला. चंचलनं खांद्यावरचे आईचे हात काढले, फ्रॉक नीट केला आणि एकटीच आत गेली. शिपायानं तिच्यामागं दार लावून घेतलं.